तुतारी मालवणची आणि थेरगावची

डिसेंबरात आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांची सहल मालवणला गेली होती. कार्यक्रमपत्रिकेत 'सकाळी आठ ते नऊ : किनाऱ्यावर पक्षिनिरीक्षण' असं मीच लिहिलं होतं. आठ वाजता दुर्बिणी गळ्यात अडकवून आम्ही किनाऱ्यावर हजर झालो, तर समुद्र पार वरपर्यंत आलेला. ओली वाळू नाही, खडकांतली डबकी नाहीत आणि पक्षीही नाहीत. चूक माझीच होती. शाळा घड्याळावर चालते, किनाऱ्यावरचे पक्षी तिथीवर चालतात.

चहाच्या टपरीवरच्या एका आजोबांनी आमची अवस्था पाहिली आणि म्हणाले, "मास्तरानू, आज एकादस. सुकती दोपारा." सुकती म्हणजे ओहोटी. कोकणातल्या मासेमारांचा हिशेब अगदी साधा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, दुपारी दोन-सव्वादोनला ओहोटी. कृष्ण पक्षात मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू करायची.

हा नियम कुठून आला, ते नववीच्या मुलांना सहज काढता येतं. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते. म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटं. तोंडी हिशेबासाठी त्याचा पाऊण तास केला, इतकंच. बंदराबंदरांत तासाभराचा फरक पडतो; पण सहल ठरवायला कालनिर्णयाचं पान पुरतं, हे खरं. मी ते पाहिलं नव्हतं.

दुपारी दोन वाजता चित्र पालटलं. होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना वाटेतले खडक उघडे पडले होते. त्यांवर राखाडी समुद्र बगळे उभे होते. धक्क्याजवळ तपकिरी डोक्याचे कुरव घिरट्या घालत होते. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका उरतो, त्यामुळे नावावरून ओळखायला जाल तर फसाल. वाळूच्या ओल्या पट्ट्यावर छोटे चिखल्या धावत होते, आणि तटाच्या पायथ्याशी, शेवाळलेल्या दगडांवर, एक बारका तपकिरी पक्षी एकसारखी शेपटी वरखाली हलवत किडे टिपत होता. थेरगावचा एक मुलगा म्हणाला, "सर, हा तर आमच्याकडे केजुदेवीच्या बंधाऱ्यावर असतो!"

तो बरोबर होता. ती सामान्य तुतारी होती. समुद्रातल्या किल्ल्यावर दिसणारा आणि पवनेच्या बंधाऱ्यावर दिसणारा पक्षी एकच. मग दुसऱ्या मुलाने विचारलं की तुतारी जर चिंचवडला येते, तर समुद्राचे सगळेच पक्षी का येत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर द्यायला सहलीचे उरलेले दोन दिवस पुरले नाहीत.

समुद्राकाठी दिसणाऱ्या पक्ष्यांना आपण सरसकट 'समुद्रपक्षी' म्हणतो, तिथेच घोळ होतो. खरा समुद्रपक्षी समुद्रावर जगतो. जमिनीशी त्याचं काम पडतं ते अंडी घालण्यापुरतं. काठावरचा पक्षी समुद्रात शिरतच नाही. त्याला हवा असतो ओला चिखल किंवा ओली वाळू, आणि तिच्यातले किडे, अळ्या, शिंपले. तो चिखल खाडीचा आहे की नदीचा, याचं त्यातल्या बऱ्याच जातींना फारसं सोयरसुतक नसतं.

आता गंमत अशी की हिवाळ्याच्या सुट्टीत बेटावर गेलेल्या माणसाला दिसतात ते बहुतेक काठावरचेच पक्षी. अस्सल समुद्रपक्षी आपल्या बेटांवर येतात तेव्हा आपण घरी असतो. वेंगुर्ल्याच्या पश्चिमेला भर समुद्रात खडकाळ बेटांची एक रांग आहे. तिला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिच्यावर दीपगृहही आहे. या रांगेतल्या बर्न्ट आयलंड नावाच्या बेटावर सुरय पक्षी घरटी करतात. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला इतिहासात भेटतात तेच) हे त्या काळातले मोठे पक्षितज्ज्ञ होते. १८७५ साली ते या बेटांवर गेले तेव्हा हिवाळा होता. घरटी करणारे पक्षी तिथे नव्हते. होते ते मेलेल्या सुरयांचे वाळलेले सांगाडे आणि अंड्यांची टरफलं. एखाद्या गावात जत्रा होऊन गेल्यावर आपण पोचावं, तसंच हे. पुढे १९४०च्या सुमारास मुंबईचे हुमायून अब्दुलअली यांनी या बेटांवरच्या सुरयांविषयी आणि तिथल्या गुहांत लाळेची घरटी करणाऱ्या पाकोळ्यांविषयी लेख लिहिले. (ती घरटी खाण्यासाठी चोरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती चोरी थांबवण्यासाठी पुष्कळ काम केलं आहे.)

जत्रा भरते पावसाळ्यात. डोळ्यावरून लगामासारखी पट्टी गेलेला, इंग्रजी पुस्तकांत ज्याला ब्रायडल्ड टर्न म्हणतात तो सुरय जूनपासून तिथे अंडी घालतो. समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, माणूस फिरकत नाही. उंदीर, मुंगूस, कोल्हा, कुत्रा यांतलं कुणीही पोहून तिथे पोचत नाही. उघड्या दगडावर अंडं घालणाऱ्या पक्ष्याला याहून मोठी सोय कोणती? बाकीचं वर्ष तो समुद्रावर काढतो आणि दमला की वाहत्या ओंडक्यावर, प्रसंगी कासवाच्या पाठीवरही बसतो. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ पक्षीपिट्टी नावाचं प्रवाळाचं एक चिमुकलं निर्मनुष्य बेट आहे, तिथेही सुरयांची अशीच वसाहत आहे.

पण वर्षभर समुद्रावर राहायचं तर प्यायचं काय? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि थेंबभर जिभेवर ठेवायला सांगा. समुद्र साधारण इतका खारट असतो. आपली मूत्रपिंडं इतकं खारट मूत्र तयार करू शकत नाहीत, म्हणून समुद्राचं पाणी प्यायलेला माणूस जास्तच तहानेला होतो. पक्ष्यांची मूत्रपिंडं या बाबतीत आपल्याहूनही कमी पडतात. तरीही कुरव समुद्राचं पाणी पितो आणि जगतो. क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस याचं उत्तर शोधलं. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत, या पक्ष्यांना एकेक ग्रंथी असते. ती रक्तातलं मीठ वेगळं काढते आणि नाकपुड्यांवाटे बाहेर टाकते. कुरवाच्या बाबतीत या द्रवात सुमारे पाच टक्के मीठ असतं, म्हणजे समुद्रापेक्षा जास्त. चोचीच्या टोकाशी लोंबणारा थेंब आणि तो झटकण्यासाठी हलवलेलं डोकं, हे चांगल्या दुर्बिणीतून दिसूही शकतं.

ही ग्रंथी गरजेप्रमाणे लहानमोठी होते, हे मला सर्वांत आवडलेलं. खारट पाण्यात राहायला लागलं की ती वाढते, गोड्या पाण्यावर आलं की आक्रसते. तिच्यामुळेच धक्क्यावरचा तो तपकिरी डोक्याचा कुरव दोन्ही जगांत वावरू शकतो. त्याचा जन्म समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी झालेला असतो. हिवाळ्यात काही कुरव कोकणात उतरतात, काही भिगवणला उजनीच्या जलाशयावर. म्हणजे 'समुद्रपक्षी आपल्याकडे का येत नाहीत' हा प्रश्नच थोडा चुकला होता. कुरव येतात. लगामी सुरय येत नाही, कारण त्याचं अन्न आणि त्याचं बेट दोन्ही समुद्रात आहेत. वादळाने फेकला गेला तरच तो किनाऱ्यावर येतो. पावसाळ्यात बूबी, फ्रिगेट असे खोल समुद्रातले पक्षी थकून वाळूत पडलेले सापडतात. अशा वेळी त्याला 'घरी सोडतो' म्हणून लाटांत फेकू नये. खोक्यात, सावलीत, शांत ठेवावं आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावं.

आता पुन्हा चिखलाकडे येऊ. ओहोटीच्या पट्ट्यावर दहा जातींचे पक्षी एकत्र चरताना दिसतात आणि भांडणं फारशी होत नाहीत. चिखल्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो धावतो, थबकतो, पाहतो, टिपतो. लांब चोचीचे पक्षी बघत नाहीत, चाचपतात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श आणि दाब जाणणारे सूक्ष्म अवयव असतात. पाणलाव्यासारखे काही जण तर चोच चिखलात पूर्ण रुतलेली असताना नुसतं टोक उघडून अळी पकडतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नॉट नावाच्या पक्ष्याविषयी असं आढळलं की तो वाळूत चोच खुपसतो तेव्हा कणांमधल्या पाण्यावर दाब पडतो; जवळ शिंपला असेल तर त्या दाबाची घडी बिघडते, आणि चोच न टेकताही त्याला शिंपल्याचा सुगावा लागतो. वर्गात पसरट भांड्यात ओली माती घ्या, वेगवेगळ्या खोलीवर मणी पुरा आणि एका मुलाला लहान चिमटा, दुसऱ्याला लांब चिमटा द्या. कोणाच्या वाट्याला कोणते मणी येतात ते मोजलं की निम्मा धडा झाला.

वाळूवरच्या त्या चिखल्यांचं घर हिमालयापलीकडे. तिकडे परतण्यापूर्वी असे लांबवर जाणारे पक्षी चरबी साठवतात; काही जातींत वजन जवळजवळ दुप्पट होतं. ही सगळी चरबी ओहोटीच्या त्या चार-सहा तासांत चिखलातून मिळवायची असते. त्याच वेळी वाळूवरून मोटारसायकली धावल्या तर पक्षी उडतो, पुन्हा बसतो, पुन्हा उडतो, आणि साठवलेलं खर्चून बसतो.

सहलीहून परतल्यावर आम्ही थेरगावला गेलो. नदीला भरती-ओहोटी नाही, म्हणून इथे तिथी पाहावी लागत नाही, सकाळी गेलं की झालं. तुतारी होती. कंठेरी चिखल्या होते, आणि लांब लालगुलाबी पायांचे पुष्कळ शेकाटे होते. पक्षी इतके भरपूर पाहून मुलांनी लगेच निष्कर्ष काढला : पवना काही एवढी वाईट नाही.

इथे मास्तरांनी मध्ये पडायला हवं. शेकाटे ज्या लाल अळ्या खातात त्या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या असतात. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं, म्हणूनच त्या लाल दिसतात आणि प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही तग धरतात. सांडपाणी जितकं मिसळावं तितक्या त्या वाढतात, आणि त्यांच्यामागे शेकाटे. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण पाहिला आहे, त्याच नदीकाठी शेकाट्यांचे थवे असू शकतात. पाहायचं असतं ते कोण आहे याबरोबर कोण नाही हे. नदी सुरयाला मासे लागतात, आणि घरट्यासाठी उन्हाळ्यात उघडी पडणारी, चारी बाजूंनी पाणी असलेली वाळूची बेटं. म्हणजे वेंगुर्ल्याचंच गणित, फक्त गोड्या पाण्यातलं. वाळू उपसली गेली की बेट जातं. पाणी आटून ते काठाला जोडलं गेलं की कुत्री पोचतात. धरणातून अचानक पाणी सोडलं की अंडी वाहून जातात. आमच्या त्या सकाळी नदी सुरय दिसला नाही. तो पाहायला उजनीला जावं लागलं. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा आणि इंद्रायणी दोन्ही भीमेत जातात, आणि भीमा उजनीत. चाकणच्या बाजूची भामाही शेवटी तिथेच. आपला गाळ आणि आपलं सांडपाणी आपल्याआधी भिगवणला पोचलेलं असतं.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये नदीकाठ विकसित करण्याच्या योजना आहेत. काठ नेटका दिसावा, बसायला जागा व्हावी, यात गैर काही नाही. दुर्गंधीच्या नदीकाठी राहणाऱ्याला तर नाहीच नाही. पण नेटका काठ म्हणजे बहुधा दगडी उतार आणि सरळ कडा, आणि चिखल म्हणजे काढून टाकायची घाण, असं आराखड्यात गृहीत धरलं जातं. याचा परिणाम मोजणं शाळेला जमण्यासारखं आहे. काठाचे दोन सारख्या लांबीचे तुकडे निवडायचे, एक मातीचा आणि एक बांधलेला. दर रविवारी सकाळी एकाच वेळी, दोन गटांनी, पंधरा मिनिटं मोजायचं. पक्ष्याचं नाव आलं नाही तरी चालेल. 'धावून टिपणारा', 'चोच खुपसणारा', 'पाण्यावर सूर मारणारा' असे तीन रकाने पुरेत.

आमच्या मुलांनी मार्चअखेर असं मोजलं. तुतारी दोन्हीकडे दिसली. तिला दगड चालतो, मालवणच्या तटाखाली पाहिलंच होतं. कंठेरी चिखल्या बांधलेल्या काठावर एकदाही आला नाही. तुतारी उन्हाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडे निघून जाते आणि जुलैच्या अखेरीपासून परतायला लागते. यंदा पहिली तुतारी कोणत्या तारखेला आणि कोणत्या काठावर दिसली, हे लिहिण्यासाठी थेरगावच्या त्या मुलाने वहीचं एक पान कोरं ठेवलं आहे.