कापसाची नोंद आणि जावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी किंवा पांढरकवड्याच्या बाजार समितीत कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी एक वेब अॅप लिहायचं आहे, असं समजू. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून आहे, म्हणजे शिकणारी मुलं जिल्ह्यातच आहेत. विषयही जिल्ह्यातलाच असावा, असं मला मनापासून वाटतं.

अॅपचे तीन थर. ब्राउझरमधला फॉर्म, सर्व्हरवरचा जावा प्रोग्राम आणि मागे डेटाबेस. डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांचा एक तक्ता, वजनाच्या नोंदींचा दुसरा. दोन्हींना जोडतो शेतकरी क्रमांक. तक्त्यांची ही मांडणी एडगर कॉड यांनी 1970 मध्ये सुचवली.

खरी गंमत व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये. वजन नोंदलं आणि रक्कम लिहिण्याआधीच वीज गेली तर? दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधल्या असतील, तर डेटाबेस अर्धवट नोंद पुसतो. एकतर दोन्ही राहतात, नाहीतर एकही नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न असताना ही हमी हवीच.

हे सगळं एकाच खिडकीत करता येतं ते नेटबीन्ससारख्या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात. 1996 मध्ये प्रागच्या विद्यार्थ्यांनी ते प्रकल्प म्हणून सुरू केलं. आज ते अपाचे या संस्थेकडे आहे, मोफत. चुकीची ओळ लाल रेघेने दिसते, डेटाबेसचे तक्ते शेजारीच उघडतात, प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून प्रत्येक चलाची किंमत तपासता येते. एक खबरदारी मात्र साधन घेत नाही: फॉर्ममधला मजकूर थेट एसक्यूएल वाक्यात, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, जोडू नका; मजकूर आज्ञेपासून वेगळा ठेवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. नाहीतर नावाच्या रकान्यात कुणी आज्ञा लिहून अख्खा तक्ता उडवू शकतो.