यंत्रानंतरचा शिक्षक
कर्णबधिर व दृष्टिबाधित मुलांसाठी विशेष शिक्षक कसे घडतात?



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात तपासण्या, शस्त्रक्रिया व उपकरणवाटप यांचे आकडे असतात, आणि ते असावयासच हवेत. तथापि ज्या बालकास जन्मतः ऐकू येत नाही किंवा दिसत नाही, त्याच्या बाबतीत रुग्णालयाचे काम जेथे थांबते तेथून दुसऱ्या एका व्यक्तीचे काम सुरू होते. ती व्यक्ती म्हणजे प्रशिक्षित विशेष शिक्षक. हा शिक्षक काय शिकतो, कोठे शिकतो आणि तारकर्लीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात त्याची गरज का आहे, याची माहिती येथे देत आहोत.

निदानानंतरची वर्षे

बालकाच्या श्रवणाची चाळणी पहिल्या महिन्यात, निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. घाई एवढ्यासाठी की भाषा रुजण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचाच असतो. चष्मा लावताच दिसू लागते, तसे श्रवणयंत्र लावताच मूल बोलू लागेल, अशी आशा पालक बाळगतात. परंतु श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट केवळ ध्वनी पोहोचवते. त्या ध्वनीला अर्थ देण्याचे काम माणसालाच करावे लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे हा हक्क सुरू होतो तेव्हा भाषेची सर्वांत मोलाची वर्षे उलटून गेलेली असतात. निदान आणि शाळा यांमधील ही वर्षे रिकामी जाऊ नयेत, यासाठी घरापर्यंत पोहोचणारा शिक्षक हवा.

कर्णबधिर मुलांचा शिक्षक

या शिक्षकास श्रवणआलेख वाचता यावा लागतो आणि यंत्राची रोजची तपासणी करता यावी लागते. त्यासाठी ‘आ, ई, ऊ, म, श, स’ या सहा ध्वनींची सोपी चाचणी आहे. तोंड झाकून हे ध्वनी उच्चारावयाचे आणि मुलाने प्रतिसाद द्यावयाचा. ‘श’ आणि ‘स’ ऐकू आले नाहीत, तर उच्च स्वराचे ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे लगेच कळते. मूल वाढते तसा कानातील साचा सैल होतो व यंत्र शिट्टी देऊ लागते. किनाऱ्याच्या दमट हवेत यंत्रात ओल शिरते. या अडचणी वेळीच ओळखल्या नाहीत, तर महागडे यंत्र कपाटात जाऊन बसते.

त्यापुढे भाषेचे काम. ‘बाबाने दिले’ आणि ‘बाबाला दिले’ यांत केवळ एका प्रत्ययाचा फरक आहे, पण अर्थ उलटतो. असे हलके प्रत्यय कमी ऐकणाऱ्या मुलाकडून सहज निसटतात. मालवणी घरात तर मूल ‘माका’ ऐकते आणि पुस्तकात ‘मला’ वाचते. म्हणून शिक्षकाने घरच्या बोलीतून, होडी, जाळे, माड, बांगडा अशा रोजच्या वस्तूंतून आरंभ करावा आणि आईलाही ती रीत शिकवावी. ज्या मुलांना यंत्राचा पुरेसा लाभ होत नाही, त्यांना भारतीय सांकेतिक भाषेतून तितकीच समृद्ध भाषा मिळू शकते. तिचेही ज्ञान शिक्षकास आवश्यक आहे.

दृष्टिबाधित मुलांचा शिक्षक

ब्रेलच्या सहा बिंदूंतून ६३ चिन्हे तयार होतात. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात. डोळस शिक्षकास तिचा क्रम प्रथम चकवतो. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या अगोदर येते. ब्रेल पाटीवर स्टायलसने टोचताना उजवीकडून डावीकडे लिहावे लागते, कारण उठाव कागदाच्या मागील बाजूस येतात. याशिवाय गणितासाठी टेलर फ्रेम व ॲबॅकस, अल्पदृष्टी मुलांसाठी मोठी अक्षरे आणि योग्य प्रकाश यांचा अभ्यास असतो.

पांढऱ्या काठीने चालणे हाही एक विषयच आहे. शहरात पदपथाची कड सापडते. तारकर्लीच्या वाळूत काठीला ना कड मिळते ना आवाज. येथे गडग्याच्या कडेने चालणे आणि लाटांच्या आवाजावरून दिशा ओळखणे शिकवावे लागते.

प्रशिक्षणाची सोय

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ साली, तर ॲना मिलार्ड यांची अंधांची शाळा १९०० साली सुरू झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला कायद्याची चौकट मात्र फार उशिरा लाभली. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ साली संमत झाला आणि परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम व केंद्रीय नोंदवहीतील नोंदणी या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरल्या. पदविका तसेच बी.एड. (विशेष शिक्षण) हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असून कर्णबधिरत्व व दृष्टिबाधा ही त्यांतील स्वतंत्र विशेष क्षेत्रे आहेत. श्रवणाच्या क्षेत्रात वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) आणि दृष्टीच्या क्षेत्रात डेहराडूनची राष्ट्रीय संस्था या प्रमुख होत.

आपल्या किनाऱ्याचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्देशानंतर केंद्र शासनाने २०२२ साली प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले. पण लहान गावात एका शाळेत असे दहा विद्यार्थी एकत्र येणे दुर्मीळच. एखादे मूल देवबागला, दुसरे तारकर्लीत, तिसरे मालवणात असावयाचे. त्यांच्यासाठी गावोगाव फिरणारा शिक्षकच उपयोगी. मुंबई येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. बाहेरून आलेला शिक्षक मालवणी समजेपर्यंत मुलाचे एक वर्ष निघून जाते. म्हणून या भागातीलच तरुण-तरुणींनी दोन वर्षे बाहेर राहून हे शिक्षण घ्यावे आणि परत यावे, हा खरा मार्ग आहे. त्यांचे शुल्क, राहण्याचा खर्च आणि परतल्यावर नियमित वेतनाची शाश्वती, या तीन गोष्टींवाचून तो मार्ग मोकळा होणार नाही.

श्रवणयंत्रासाठी दिलेल्या देणगीचा फोटो काढता येतो. शिक्षकाच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा काढता येत नाही. परंतु यंत्र एका मुलाच्या कानात बसते, आणि शिक्षक आपल्या सेवाकाळात अनेक घरांची दारे उघडतो. देणगीदारांनी देणगीचा विचार करताना ही बाब ध्यानी घ्यावी, आणि पालकांनी निदानानंतर ‘शाळेत गेल्यावर पाहू’ असे म्हणून एकही महिना वाया घालवू नये, अशी नम्र विनंती आहे.