आधी पोट, मग पायवाट

भातकापणी उरकली की पारनेर-संगमनेरकडचे मेंढपाळ माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे बदलापूर-अंबरनाथच्या शिवारात येतात. त्यांच्या गावाकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माळावरचं कुसळी गवत लवकर वाळतं. इथं खाचरात भाताची धसकटं असतात, बांधावर हिरवं असतं, आणि खतासाठी रात्री शेतात मेंढरं बसवली की शेतकरी धान्य नाहीतर रोख पैसे देतो.

बारवी धरणाच्या रस्त्यालगत उतरलेल्या त्यांच्या एका वाड्यावर मी सकाळपासून होतो. उन्हं वर आली, दव उठलं, तेव्हा कुठे वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी मेंढरांभोवतीची जाळी, वाघर, सोडली. पाणी नदीवर, पण मेंढरं तिकडे नेली नाहीत. नदीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी घाणेरी माजलेली. बाबा खाचरात कळपाच्या पुढे काठी आडवी धरून उभे राहिले आणि कळप बराच वेळ तिथंच चरवला. मधूनमधून मागे जाऊन एकेका मेंढीची डावी कूस न्याहाळत होते. शेवटच्या बरगडीमागचा खड्डा भरून आला की पोट भरलं. कोकरं घेऊन मागं राहिलेल्या वाड्यावरच्या मावशींना त्यांनी हात केला आणि मगच कळप वाटेला लागला. त्या झुडपांमधून जाताना मेंढरांनी पानांना तोंडही लावलं नाही. बाबा म्हणाले, "पोटात असलं की तोंड निवडून खातं. उपाशी मेंढरू काय बी वरबाडतं."

घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची अमेरिका खंडातली. शोभेचं झुडूप म्हणून १९व्या शतकात आपल्याकडे आली आणि रानभर पसरली. तिच्या पानांतलं लँटाडीन थेट यकृतावर घाव घालतं. पित्त अडतं, कावीळ होते, रवंथ थांबतो. पोटाची हालचाल मंदावली की खाल्लेला पाला आतच राहतो आणि विष भिनत राहतं. हिरव्या चाऱ्यातून तयार होणारं एक द्रव्य एरवी पित्तावाटे निघून जातं, ते आता रक्तात साचतं. मग उन्हात उभं राहिलं की नाक, कान, पापण्या, जिथं लोकर नाही तिथली कातडी भाजल्यासारखी सोलवटते. अशा जनावराला आधी सावलीत बांधायचं, चारा-पाणी द्यायचं आणि पशुवैद्याला बोलवायचं. पोटातलं विष शोषून घ्यायला ते कोळशाची भुकटी पाजतात. उशीर झाला तर मात्र इलाज फारसा चालत नाही.

नाल्याकाठचं बेशरम हे झुडूप वेगळं. एखाद्या वेळच्या दोन घासांनी जनावर मरत नाही, पण आठवडेच्या आठवडे खाल्लं तर मान लटपटते, पाय अडखळतात. शेळ्यांना तर त्याची चटक लागते. त्यातलं स्वेन्सोनिन हेच विष अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या निमवाळवंटी कुरणांतल्या लोकोवीड नावाच्या वनस्पतींमध्ये सापडतं. तिथले जाणकारही पशुपालकांना हेच बजावतात, की भुकेलं जनावर विषारी झाडांच्या पट्ट्यात सोडू नका. हे शहाणपण बाबांकडे कोणत्याही पुस्तकावाचून आलेलं आहे, आणि मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

परतीच्या वाटेवर, घाटापलीकडे, धोका निराळा असतो. कापलेल्या ज्वारीला वळवाच्या पावसानं कोवळे फुटवे येतात आणि त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ही विषबाधा, म्हणजे किराळ, लागली की जनावर काही मिनिटांतही जातं. वेळेत सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन मिळालं तर वाचतं. त्यामुळे हिरवंगार दिसलं तरी त्या शेताकडे कळप वळवत नाहीत.

झाडं ओळखणं बाबांना जड नाही. अवघड झालंय ते आधी पोट भरायला जागा मिळणं. बदलापूर ते अंबरनाथ खाचरांत इमारती उठल्या, गायरानं आक्रसली. मेंढरांना उरलाय तो रस्त्याकडेचा आणि नाल्याकाठचा पट्टा, आणि नेमकी तिथंच घाणेरी नि बेशरम फोफावतात. उल्हासनगरकडे वालधुनी नदीत रसायनाचं पाणी, म्हणून ती बाजू तर सोडूनच द्यावी लागते. गावांची गुरचरणं राखायला हवीत, आणि नगरपालिकांनी निदान पाणवठ्याच्या वाटांवरची घाणेरी मुळासकट काढायला हवी. दसऱ्याच्या आसपास बाबांचा मुलगा इथल्या शेतकऱ्यांना फोन लावतो. धान्य किती देणार हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, नदीच्या अलीकडचं खाचर यंदा पेरलंय का, की कुंपण पडलं?