घोडा लेथवर का होत नाही?

अर्थ वस्तूत असतो की नियमात, हा आपला चालू प्रश्न. आज तो बुद्धिबळाच्या लाकडी मोहऱ्यांवर तपासून पाहू.

१९१६ साली अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. त्याच वर्षी सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने निघाली. त्याचं म्हणणं असं की, घोडा हरवला तर त्या जागी काहीही ठेवा, चाल तीच राहते. जळगाव-धुळ्याच्या घरांतही आपण शर्टाचं बटण ठेवून डाव पुढे नेतोच की! आणि ज्याला आपण हत्ती म्हणतो तो दिसतो बुरुजासारखा. १८४९ साली इंग्लंडमध्ये नोंदवलेला स्टाँटन नमुना आपण घेतला, नावं मात्र आपलीच ठेवली. कुणाचं अडलं का?

मग कारागिराचं काम फुकटच म्हणायचं?

ते आधी नीट पाहू. असे संच बनवण्यासाठी अमृतसर प्रसिद्ध आहे. काळ्या बाजूला बहुधा शिसवी, पांढऱ्या बाजूला बॉक्सवुड. लाटणं कातावं तसं लाकूड लेथवर फिरतं आणि पटाशी त्याला गोलाई देते. प्यादं लेथवरच पुरं होतं. हत्तीचे कंगोरे आणि उंटाची चीर नंतर पाडतात. घोड्याचं मात्र तसं नाही. लेथ फक्त गोल आकार देतो, आणि घोड्याला तोंड आहे, पुढची-मागची बाजू आहे. म्हणून त्याची बैठक कातायची, डोकं हाताने कोरायचं आणि दोन्ही जोडायचे. बत्तिसातले चारच घोडे, पण संचाची खरी परीक्षा तिथेच होते.

आता उत्तराकडे येऊ. घोडा कोण, हे नियम ठरवतो. पण घड्याळ चालू असताना 'हा घोडा ना?' असं विचारावं लागू नये, ही सोय कारागीर करतो. जागतिक संघटनेच्या मापात राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर आणि प्यादं पाच, ते यासाठीच. आठही प्यादी सारखी कातली तरच ती आठ प्यादी म्हणून एका नजरेत दिसतात.

आम्हांला वाटतं, सोस्यूर चुकला नाही. त्याने डाव कशाने बनतो ते सांगितलं. पण दोन माणसांना समोरासमोर बसून तो निर्वेध खेळता यावा, यासाठी कुणाचा तरी हात लागतो. नियम फुकट मिळतो, त्या हाताची मजुरी मात्र द्यावी लागते. संच विकत घेताना घासाघीस करण्याआधी घोडा उचलून पाहा. शब्दांनाही असा कारागीर असतो का, ते पुढच्या वेळी पाहू.