जमीन स्वस्त, माणूस दुर्मिळ: कोकणातल्या निवृत्तीबद्दलचे गैरसमज

निवृत्तीनंतर कोकणात जाऊन राहायचं, हा विचार मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या असंख्य घरांत साठीच्या आसपास हमखास निघतो. शहरातला फ्लॅट विकला तर तेवढ्यात रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात चिऱ्याचं घर, विहीर, दहा-वीस कलमं आणि वर बँकेत ठेव, असा हिशेब मांडला जातो. आकड्यांपुरता तो बरोबरही असतो. फक्त त्यात जमीन, बांधकाम आणि बाजारहाट एवढंच धरलेलं असतं. तिथं माणसं किती उरली आहेत, हे कुणी धरत नाही. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाची 8 लाख 69 हजारांवरून साडेआठ लाखांच्या किंचित खाली. 2011 साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कमावत्या वयाचे पुरुष मोठ्या संख्येनं बाहेरगावी असले की आकडा असा येतो. ‘चाकरमानी’ हा शब्द कोकणात रुजला तो याच वस्तुस्थितीतून. माझं म्हणणं एवढंच, की जमीन स्वस्त राहिली याचं एक मोठं कारण माणसं निघून गेली हे आहे, आणि उतारवयात गरज लागते ती जमिनीपेक्षा माणसांची. कोकणात स्थायिक होण्याबद्दलचे बहुतेक गैरसमज हे न पाहिल्यामुळे होतात.

पहिला गैरसमज खरेदीचाच. पैसे आहेत म्हणून कुणीही शेतजमीन घेऊ शकतो, हे खरं नाही. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 नुसार महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि नियम मोडून केलेला व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. ज्यांच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला आहे त्यांचंही काम तेवढ्यानं संपत नाही. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, ही समजूत फार पक्की आहे. पण सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे आणि फेरफार नोंदीनं मालकी हक्क निर्माण होत नाही, असं न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केलं आहे. कोकणात याला विशेष महत्त्व आहे, कारण इथं माणसं गावाबाहेर गेली तरी त्यांची नावं सातबाऱ्यावरच राहिली. आजोबांच्या पिढीपासून वाटप न झालेल्या एका गटावर तीस-चाळीस सहहिस्सेदार असणं नवलाचं नाही. त्यातले काही मुंबईत, काही परदेशात, काही हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. शिवाय कुळाला मिळालेल्या जमिनीचे निर्बंध, भोगवटादार वर्ग 2, 1975 च्या कायद्यातली खासगी वनं, सिंधुदुर्गातली वनसंज्ञा आणि आकारीपड, आंबोली-चौकुळ-गेळे भागातला कबुलायतदार गावकर जमिनींचा जुना प्रश्न, असे कितीतरी शेरे इतर हक्कांच्या रकान्यात किंवा जुन्या फेरफारांत दडलेले असतात. जी जमीन प्लॉट पाडून, फलक लावून ‘सी व्ह्यू’ म्हणून विकली जाते तिच्यावरही किनारा नियमनाचं बंधन असतं: 2019 च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा 50 मीटरपर्यंत खाली आणला, पण दर चौरस किलोमीटरला 2161 हून कमी वस्ती असलेल्या गावांसाठी तो भरतीरेषेपासून 200 मीटरच ठेवला. विरळ वस्तीचं, शांत गाव हवं असणाऱ्याला नेमका हाच नियम लागू होतो. म्हणून विसाराचे पैसे देण्याआधी किमान तीस वर्षांचे फेरफार स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावेत, त्याची फी वाचवू नये.

दुसरा गैरसमज पाण्याचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याचा तोटा असेल, हे शहरी मनाला पटत नाही. पण हा पाऊस बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, जमीन उताराची आहे, सह्याद्री आणि समुद्र यांच्यातलं अंतर बहुतेक ठिकाणी शंभर किलोमीटरहूनही कमी आहे, आणि वरचा जांभा दगड सच्छिद्र. पाणी झिरपतं, झऱ्यांवाटे वाहून जातं आणि नद्यांतून समुद्राला मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीतल्या कितीतरी वाड्यांना टँकरनं पाणी द्यावं लागतं ते त्यामुळेच. दिवाळीनंतर जागा बघायला जाणाऱ्याला भरलेली विहीर दिसते आणि तो निश्चिंत होतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच विहिरीत किती पाणी असतं, ते शेजारच्या वाडीतल्या बायकांना विचारावं. साठवणटाकी, पंप, विहिरीतला गाळ काढणं ही सगळी कामं करून घेता येतात, पण ती दरवर्षी करणारं कुणीतरी लागतं.

इथून तिसऱ्या गैरसमजाकडे येतो: कोकणात राहणं स्वस्त. भाडं वाचतं, मासे ताजे मिळतात, हे मान्य. पण घराभोवतीची बाग ही मजुरीवर चालते आणि मजूर मिळत नाही. हापूसच्या बागांत राखणीला, काढणीला नेपाळी कामगार येतात हे देवगड-रत्नागिरीत कुणीही सांगेल. माकडं आणि वानरांच्या उपद्रवामुळे पिढीजात शेतकऱ्यांनी भाजीपाला आणि कडधान्य पिकवणं सोडलेलं आहे. निवृत्त माणसाच्या परसातल्या पपया त्यांच्या तावडीतून सुटणार नाहीत. आंब्याला तर एक वर्ष बहर आणि एक वर्ष आड, त्यात अवकाळी पाऊस. पेन्शनला जोड म्हणून बाग धरणाऱ्यांनी निदान पहिली काही वर्षं ती खर्चाच्या बाजूला लिहावी. पावसाळ्यापूर्वी कौलं चाळणं, पडवीला झडप बांधणं, वाळवी बघणं, वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बिघडला की तालुक्याहून माणूस. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि मंडणगड-दापोलीकडे काही गावांत वीज परतायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि 22 जुलैला चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. घराची जागा निवडताना नदीची पूररेषा आणि मागच्या डोंगराचा उतार हे खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याच्या आधी बघायला हवेत.

आरोग्याबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणते की तिथं औषधोपचार मुळीच नाहीत, दुसरी म्हणते की शुद्ध हवेत आजारच होत नाहीत. दोन्ही चूक. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, चिपळूणजवळ डेरवणला मोठं रुग्णालय आहे, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून धावते. विषारी दंशावरच्या उपचारांत तर कोकणानं जगाला शिकवलं आहे: महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार सिद्ध केला. पण हवा शुद्ध असली तरी याच भागात फुरसं आहे, भातशेतीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस आहे, आणि 2016 पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडताप आहे. वयस्क माणसाचा खरा प्रश्न मात्र वेळेचा असतो. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं; हृदयविकारात तर एकेक मिनिट मोलाचं. या साडेचार तासांतून शेजाऱ्याला उठवणं, गाडी येणं, घाटातला रस्ता, तालुक्याला नुसतं तपासून पुढे पाठवणं हे सगळं वजा करावं लागतं. दक्षिण सिंधुदुर्गातले रुग्ण पूर्वापार गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, पण 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथं शुल्क लागू झालं आणि त्यावर दोडामार्गात आंदोलनही झालं. गंभीर आजाराला अजूनही दुसऱ्या राज्याचा आधार घ्यावा लागतो, हे त्या आंदोलनानंच सांगितलं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावातली म्हातारी माणसं तिथंच राहतात की. त्यांचं होतं, मग आपलं का नाही होणार? त्यांचं होतं, कारण त्यांच्यामागे भावकी आहे, वाडीतली चार घरं आहेत, देवळाच्या मानपानातून आणि गणपतीतल्या भजनातून बांधलेली साठ वर्षांची देवघेव आहे. रात्री दोन वाजता दार ठोठावलं तर उघडेल, एवढा हक्क त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अडीअडचणीला धावून कमावलेला असतो. तो खरेदीखताबरोबर मिळत नाही. गाव परक्याला वाईट वागवतं असं मुळीच नाही. पण ज्या वाडीत दहापैकी सहा घरांना कुलूप आहे, तिथं मदत करायची इच्छा असूनही करणारे हात उरलेले नसतात. दुसरा आक्षेप वाहतुकीचा. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावते, 2021 साली सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. या सगळ्या सोयींनी मुंबई जवळ आली. वाडीपासून तालुक्याचं अंतर तेवढंच राहिलं. म्हाताऱ्या माणसाला रोज लागतं ते हे दुसरं अंतर, आणि एसटी मोफत असली तरी दिवसातून दोनदाच येत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्यात दिवस मोडतो.

मग जाऊच नये का? जरूर जावं, पण ‘कोकण’ या मोघम नावाला भुलून नव्हे. सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, दापोली, रत्नागिरी शहर, चिपळूणचा उंचावरचा भाग, या ठिकाणी डॉक्टर, औषधांचं दुकान, वाचनालय, नाट्यगृह किंवा निदान संध्याकाळी गप्पांना चार माणसं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात. जमीन तिथं महाग आहे आणि ती महाग असण्याचं कारण हेच आहे. वाडीतल्या एक एकराऐवजी अशा गावात तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेणं हा माझ्या मते सत्तरीपुढच्या माणसासाठी जास्त शहाणपणाचा व्यवहार. ज्यांचं पिढीजात घर आहे आणि भावकीशी बोलणं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी वाटपपत्र आणि वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात, म्हणजे त्यांच्यामागे मुलांना तेच चाळीस सह्यांचं काम उरणार नाही. बाकीच्यांनी फ्लॅट विकण्यापूर्वी भाड्याच्या घरात एक सबंध पावसाळा आणि एक मे महिना काढावा. जोडीदारापैकी एकानंच मागे राहायची वेळ आली तर गाडी कोण चालवणार, विहिरीवरचा पंप कोण सुरू करणार आणि रात्री कुणाला हाक मारायची, ही तीन नावं त्या मुक्कामात वहीत लिहून काढावीत. तिन्ही नावं मिळाली तर विसार द्यायला हरकत नाही.