मोटारगाडीतील ध्वनिसंच

मोटारगाडीतील रेडिओ व विवर्धक यांच्या एकत्रित संचास ध्वनिसंच म्हणतात. गाडीच्या उत्पादकाने बसविलेला मूळ संच काढून त्या जागी अन्य निर्मात्याचा संच बसविता येतो. मापांच्या प्रमाणीकरणामुळे हे सुलभ झाले. मूळच्या जर्मन व पुढे आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार संचाच्या दर्शनी भागाची रुंदी सु. १८० मिमी. व उंची सु. ५० मिमी. असते, दुहेरी संचाची उंची याच्या दुप्पट असते.

काम सुरू करण्यापूर्वी विद्युत् घटमालेच्या ऋण अग्राची जोडणी सोडवितात. नव्या संचात बहुधा पिवळी तार कायम १२ व्होल्ट पुरवठ्यासाठी, तांबडी गाडीच्या किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्यासाठी व काळी भूयोजनासाठी असते. पिवळ्या तारेस कायम पुरवठा न मिळाल्यास गाडी बंद करताच घड्याळाची वेळ व निवडलेली केंद्रे पुसली जातात. गाडीच्या मूळ तारांचे रंग उत्पादकागणिक भिन्न असल्याने त्या न कापता योग्य जोडतारसंच वापरणे श्रेयस्कर असते. ध्वनिक्षेपकांच्या ऋण तारा गाडीच्या सांगाड्यास जोडत नाहीत. आधुनिक विवर्धक ध्वनिक्षेपकाच्या दोन्ही तारांवर संकेत पाठवितो. त्यांपैकी एक सांगाड्यास टेकल्यास तो निकामी होऊ शकतो.

अलीकडील गाड्यांत मूळ संच सुकाणू चक्रावरील कळा, मागील कॅमेरा व गाडीचे अंतर्गत संदेशजाळे यांच्याशी निगडित असतो. तो काढल्यास काही गाड्यांतील इशाऱ्यांचे ध्वनीही बंद पडतात. अशा गाड्यांत संदेशांचे रूपांतर करणारा स्वतंत्र जोडघटक आवश्यक ठरतो; तो उपलब्ध नसल्यास मूळ संच कायम ठेवून केवळ ध्वनिक्षेपक बदलणे इष्ट असते.