कालबाह्यता इशारा

कालबाह्यता इशारा किंवा डेप्रिकेशन वॉर्निंग ही सॉफ्टवेअर लायब्ररीने तिचा वापर करणाऱ्या प्रोग्रामरला दिलेली पूर्वसूचना होय. लायब्ररीतील एखादी सुविधा पुढील आवृत्तीत काढून टाकली जाणार आहे, किंवा तिचा वापर आता इष्ट मानला जात नाही, असे हा इशारा सांगतो. इशारा मिळाल्यानंतरही जुनी सुविधा काही काळ पूर्वीप्रमाणेच चालते. त्रुटीसंदेश आणि इशारा यांत हाच मुख्य फरक आहे.

व्युत्पत्ती

‘डेप्रिकेट’ या इंग्रजी क्रियापदाचे मूळ लॅटिन भाषेत असून ‘प्रार्थना करून अनिष्ट टाळणे’ असा त्याचा मूळ अर्थ होता. संगणकशास्त्रातही या शब्दाचा अर्थ ‘रद्द केलेले’ असा नसून ‘ज्याचा वापर टाळावा असे’ असा आहे.

आवश्यकता

एकाच लायब्ररीवर असंख्य प्रोग्राम अवलंबून असू शकतात. सदोष किंवा असुरक्षित सुविधा एकाएकी काढल्यास ते सर्व बंद पडतील. ती कधीच न काढल्यास लायब्ररीचा भार वाढत जाईल. या दोहोंमधील मार्ग म्हणजे मुदत देणे. मात्र दुरुस्ती करू शकणाऱ्या व्यक्तीपर्यंत इशारा पोहोचला, तरच या मुदतीचा उपयोग होतो.

इशारा कोणास दाखवावा?

पायथॉन या भाषेने हा प्रश्न निरनिराळ्या प्रकारे हाताळला आहे. प्रोग्राम केवळ वापरणाऱ्या सामान्य व्यक्तीला हे इशारे दिसले तरी ती त्याबाबत काही करू शकत नाही. म्हणून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.७ या आवृत्तीपासून ते मूलतः लपवण्यात आले. त्यामुळे प्रोग्रामरनाही ते सहज दिसेनासे झाले आणि सुविधा प्रत्यक्ष काढल्यावरच अडचण लक्षात येऊ लागली. अखेरीस २०१८ मधील ३.७ या आवृत्तीत मध्यम मार्ग स्वीकारला गेला : थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधील इशारे दाखवावेत, आयात केलेल्या मॉड्यूलमधील लपवावेत. सामान्य वापरकर्त्यांसाठी असलेल्या सूचनांकरिता ‘फ्यूचर वॉर्निंग’ हा वेगळा प्रकार आहे.

मुदत आणि मुदतवाढ

पायथॉनमधील ‘मॅपिंग’, ‘इटरेबल’ इत्यादी अमूर्त वर्ग २०१२ मध्ये, ३.३ या आवृत्तीत, ‘कलेक्शन्स’ मॉड्यूलमधून ‘कलेक्शन्स डॉट एबीसी’ या उपमॉड्यूलमध्ये हलवण्यात आले. जुना मार्गही चालू ठेवला गेला. तो ३.८ मध्ये बंद होईल, असा इशारा ३.७ या आवृत्तीने दिला. परंतु त्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम पुष्कळ असल्याने मुदत दोनदा वाढवावी लागली. शेवटी २०२१ मध्ये, ३.१० या आवृत्तीत, तो काढण्यात आला. नऊ वर्षे मिळूनही काही प्रोग्राम त्या वेळी बंद पडलेच.

मुदतच नसेल, तर इशाऱ्याचे गांभीर्य ओसरते. जावा भाषेतील थ्रेड थांबवणारी ‘स्टॉप’ ही मेथड असुरक्षित ठरवून १९९८ मध्ये कालबाह्य घोषित झाली, तरी ती पुढे दोन दशकांहून अधिक काळ वापरता येत होती. ‘केवळ टाळावे’ आणि ‘निश्चित काढले जाईल’ या दोन अवस्था वेगळ्या दाखवण्याची सोय जावामध्ये २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत झाली.

व्यवस्थापन

चांगल्या इशाऱ्यात चार गोष्टी असाव्यात : कोणती सुविधा कालबाह्य झाली, कोणत्या आवृत्तीपासून, तिला पर्याय कोणता आणि ती केव्हा काढली जाईल. तसेच त्याने लायब्ररीतील अंतर्गत ओळीकडे नव्हे, तर जुनी सुविधा वापरणाऱ्या ओळीकडे बोट दाखवावे. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘स्टॅकलेव्हल’ हे प्राचल असते.

लायब्ररी वापरणाऱ्याने चाचणीच्या वेळी सर्व इशारे दृश्य ठेवणे हितावह असते. त्यांना त्रुटी मानून चाचणी थांबवण्याची सोयही पायथॉनमध्ये आहे. इशारा दुसऱ्या एखाद्या लायब्ररीमुळे येत असल्यास तिची नवी आवृत्ती घ्यावी किंवा तिच्या निर्मात्यांना कळवावे. तोवर तेवढाच इशारा दाबणे योग्य ठरते. सर्वच इशारे सरसकट दाबल्यास पुढे येणारी महत्त्वाची सूचनाही नजरेआड होते.